दोघांत एक थुंकी

योगेंद्र सर पुण्याला दोन दिवसांच्या शिबिराला गेले आणि परत आले ते थेट शास्त्रज्ञ होऊन. जाताना माणूस साधा होता. शिट्टी फुंकायचे, शिव्या द्यायचे, जळगावच्या मेहरूण तलावाभोवती पोरांना पळवायचे आणि स्वतः मोटरसायकलवरून मागं मागं यायचे. परत आले तेव्हा गळ्यात शिबिराचं ओळखपत्र होतं, ते कितीतरी दिवस उतरलं नाही, आणि तोंडात एकच शब्द होता, जीन. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते साक्षीनं तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

साक्षी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि पिंप्राळ्यातल्या सरांच्या अकॅडमीत लांब पल्ल्याचं धावायची. तिचा जुळा भाऊ प्रशील कॉमर्सला होता, तोही तिथंच धावायचा. हिवाळ्यात धुळ्याला विद्यापीठाची क्रॉसकंट्री होती, दहा किलोमीटरची. पहिल्या सहांत आलं की देशपातळीच्या स्पर्धेचा संघ. साक्षीचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी कॉलेज नाही, म्हणजे संघ नाही, म्हणजे आई कुंदाबाई स्थळं बघायला मोकळी.

सरांनी मैदानावर सगळ्यांना गोल बसवून व्याख्यान दिलं. कॉफी प्यायली की माणूस जास्त वेळ दमत नाही, परदेशातले खेळाडू पितात, त्यावर बंदी नाही. पण कॉफी सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. काहींचं यकृत कॅफिन झटपट फोडून टाकतं, त्यांना तिचा फायदा होतो. काहींचं रेंगाळत बसतं, त्यांना ती उलटते. कोण कुठल्या जातकुळीचा ते जीन ठरवतं, म्हणून तपासणी.

आता हे काही खोटं नव्हतं. तसं कुणी ठामपणे सांगत असलं तरी अभ्यास अजून चालू आहेत, हे साक्षीनं वाचलं होतं, पण मुद्दा खरा होता. तिचा राग त्यावरच होता. खोटं बोलणाऱ्याला निदान भीती असते. खरं वाक्य हाती लागलेला माणूस कुणाचं ऐकत नाही.

तपासणीच्या नळ्या आल्या. नळीत रेघेपर्यंत थुंकायचं, बूच लावायचं, कुरिअरनं पाठवायचं. सरांनी पालकांनाही बोलावलं होतं, म्हणजे फोटो चांगला येतो. साक्षीचे वडील संघपाल वीज कंपनीच्या उपकेंद्रात ऑपरेटर होते, ते रजा टाकून आले. नेमकी साक्षी लांबची धाव संपवून आली होती आणि थुंकायच्या आधी पाणी प्यायचं नाही असा नियम. तोंडात कोरड. तिनं गाल चोळले, चिंच आठवून पाहिली, तरी नळीचा तळ जेमतेम ओला झाला. कुरिअरवाला फाटकाशी हॉर्न वाजवत होता.

"अरे, मग अडलंय कुठं?" सर म्हणाले. "तुम्ही जुळे ना? प्रशील, तिचीही नळी तूच भर. रक्त एकच आहे."

साक्षीला वाटलं सर चेष्टा करतायत. सर चेष्टा करत नव्हते.

"सर, आम्ही मुलगा-मुलगी जुळी आहोत," ती म्हणाली. "म्हणजे बीजं दोन वेगळी. कुठल्याही सख्ख्या बहीणभावांत असतं तेवढंच आमच्यात सारखं."

"एका पोटात नऊ महिने होतात की नाही?"

"होतो."

"झालं तर मग!"

एका पोटात राहून रक्त एक होत असेल तर जळगाव-धुळे गाडीत पारोळ्यापर्यंत उभे राहणारे सगळे भाऊबंदच म्हणायचे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं वडिलांकडे पाहिलं. पप्पांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "सर शिबिर करून आलेत, साक्षी." प्रशीलची तेवढ्यात दुसरी नळी भरून झालीसुद्धा. त्याच्या तोंडाला पाणी सुटायला कधी वेळ लागला नव्हता.

शितावरून भाताची परीक्षा करतात, मान्य. पण शीत निदान त्याच पातेल्यातलं असावं ना.

रिपोर्ट आले, रंगीत, गुळगुळीत कागदाचे. सरांनी दोन्ही शेजारी शेजारी धरले आणि आनंदानं ओरडले, "बघा! शब्द न् शब्द सारखा! जुळं म्हणजे जुळं!" एकाच माणसाची थुंकी दोनदा तपासली तर दुसरं काय होणार होतं? पण हे विचारायचं सुचलं नाही कुणाला. रिपोर्टात लिहिलं होतं की कॅफिन झटपट फोडणारा प्रकार, सहनशक्तीच्या खेळात फायदा संभवतो. पुढच्या पानावर केसांचा विभाग होता, तिथं लिहिलं होतं, टक्कल पडण्याची शक्यता सरासरीपेक्षा जास्त.

कुंदाबाईंनी हे वाचलं आणि कमरेपर्यंतच्या वेणीच्या पोरीला समोर बसवून डोक्यावर तेल थापायला सुरुवात केली. "लग्नाआधी गळू नयेत म्हणजे मिळवलं," त्या म्हणाल्या. सरांना विचारलं तर म्हणाले, ते पान सोडा ताई, आपल्याला कॅफिनचं पान बघायचंय.

पप्पांनी साक्षीचा रिपोर्ट लॅमिनेट करून आणला आणि बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या फोटोशेजारच्या खिळ्याला टांगला. पप्पांचं हे साक्षीला सगळ्यात जास्त लागलं. कारण हाच तो माणूस, ज्यानं या घरात कधी अंगारा येऊ दिला नाही. लिंबू-मिरची विकणाऱ्याला दारात उभा करून तासभर प्रश्न विचारणारा. याच माणसानं तिला पहिलीत असताना जयंतीच्या स्टेजवर उभं केलं होतं, कानात सांगितलं होतं, 'कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, विचारून मानायचं,' आणि तेच वाक्य तिच्याकडून माइकवर म्हणवून घेतलं होतं. तेव्हापासून दर जयंतीला ती बोलत आली. हजार माणसांपुढं तिचा आवाज कधी चिरकला नाही की हात कधी कापला नाही, आणि पप्पा हे पाहुण्यांना अजून सांगत. असा माणूस छापील कागदापुढं हात जोडून उभा राहिला. का, तर त्यावर विज्ञान असं लिहिलंय.

"पप्पा, ती थुंकी माझी नाही," ती म्हणाली.

"लॅबला कळलं नसतं का?" ते म्हणाले. "आपण अडाण्यासारखं बोलू नये."

मग कॉफी सुरू झाली. काळी, बिनसाखरेची, चमचा उभा राहावा इतकी कडक. सर मोठ्या थर्मासमधून स्टीलच्या ग्लासात ओतायचे आणि तासाभरानं पळवायचे. प्रशीलला ती मानवली. खरंच मानवली. शेवटच्या टप्प्यात तो पूर्वी लोंबायचा, आता पाय उचलू लागला, आणि घरी येऊन ढाराढूर झोपायचा.

साक्षीचं उलटं झालं. चहाचाही तिला लहानपणापासून त्रास, म्हणून घरात तिच्यासाठी दूध वेगळं. कॉफी पोटात गेली की पहिल्यांदा बोटं थरथरायची, मग छातीत धडधड, मग पोटात मळमळ, आणि धावायला लागण्याआधीच अर्धी धावून झाल्यासारखी ती दमायची. रात्रीची झोप जायची ती वेगळीच. तिची वेळ सुधारायची सोडून घसरत चालली. तिनं सरांना हात पुढं करून दाखवला.

"ही मनातली भीती आहे," सर म्हणाले. "रिपोर्ट काय सांगतो? फायदा. मग शरीर नाही कसं म्हणेल?"

"सर, शरीर माझं आहे. रिपोर्ट प्रशीलचा आहे."

"तू फार बोलतेस. तिकडे परदेशात मोठमोठ्या खेळाडूंना कळत नाही आणि तुला कळतं? धुळ्याला ज्याला माझ्याबरोबर यायचंय त्याला कॉफी घ्यावी लागेल. नसेल घ्यायची, त्यानं आपापलं बघावं."

आपापलं काय बघणार? कॉलेजनं खेळाचं काम सरांवरच सोपवलेलं, त्यामुळे स्पर्धेला नावं त्यांच्याच हातून जायची. विद्यापीठाच्या संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून जायचा मानही गेल्या वर्षीपासून त्यांनाच. साक्षीनं ग्लास उचलला. घरी पप्पांनी विचारलं, घेतेस ना कॉफी? ती म्हणाली, घेते. पप्पा म्हणाले, सवय होईल.

धुळ्याला आदल्या दिवशी जायचं होतं. बाकीची पोरं धर्मशाळेत उतरली, साक्षी आणि प्रशील देवपुरात आत्याकडे. रुक्माबाई आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. दारातच तिनं दोघांना जवळ घेतलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं, आणि जेवणानंतर चहा टाकला. साक्षीनं कपाकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांचं सगळं एकदम तिच्या डोळ्यांत आलं.

"काय व माय? कसाले रडस?" आत्यानं विचारलं.

साक्षीनं सांगितलं. जीन, यकृत वगैरे आत्याला सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून फक्त हाताचं सांगितलं, छातीचं सांगितलं, झोपेचं सांगितलं. आत्या ऐकता ऐकता हसायला लागली.

"आवं, मना बी आसाच हात कापतस! माले बी चहा चालत नही, धाकलपनपासून. तुना बापले चालस, माले नही."

"मग तू कुणाकडे गेलीस की करतेस काय?" साक्षीनं विचारलं. चहाला नाही म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. खानदेशात माणूस एक वेळ जेवणाला नाही म्हणेल, चहाला नाही म्हणायची सोय नाही.

"नही म्हनानं नही," आत्या म्हणाली. "कप हातम्हा धराना, फुकर मारानी, ओठले लावाना, 'वा, मस्त शे' म्हनानं. मंग बाजूले कोन बशेल शे, तेले दी टाकाना. कोनी नही ऱ्हायनं, ते मोरी शे ना!" आणि मग एकदम आवाज चढवून म्हणाली, "समदास्ले चालस, म्हनीसन तुले चालीच का? तुना मास्तर तुना पोटम्हा बशेल शे का?"

सगळं आयुष्य सासरच्या माणसांना, शेजारणींना, व्याह्यांना आत्या असं गंडवत आली होती आणि कुणाला पत्ता नव्हता. लोक म्हणायचे, रुक्माबाईला चहाची फार आवड. साक्षीला हसू आलं, पण बरंही वाटलं. घराण्यात असे हात कापणारी ती एकटी नव्हती.

सकाळी मैदानावर थंडी होती. सरांनी थर्मास उघडला, कागदी पेले मांडले आणि प्रत्येकाला औषध दिल्यासारखी कॉफी दिली. साक्षीनं पेला धरला, फुंकर मारली, ओठाला लावला. "वा, मस्त आहे सर," ती म्हणाली. सरांचा चेहरा फुलला. तेवढ्यात त्यांना कुणीतरी संयोजक ओळखीचे दिसले आणि ते ओळखपत्र सरळ करत तिकडे गेले. साक्षी अंग गरम करायचं निमित्त करून कडेच्या बाभळीकडे पळत गेली आणि सगळा पेला बुंध्याशी ओतला. प्रशीलनं पाहिलं. त्यानं स्वतःची कॉफी संपवली, सरांकडे पाठ करून तिला आडोसा होईल असा उभा राहिला, आणि एवढंच म्हणाला, "पळ आता."

ती पळाली. पांझरा नदीच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यानं, उन्हाला ऊब यायच्या आत, पोट शांत, हात शांत, छाती तिच्या स्वतःच्या लयीत. किती दिवसांनी ती एकटीच्या अंगात पळत होती! अर्ध्या वाटेवर शिरपूरच्या एका पोरीनं तिला मागं टाकलं, तिला ती शेवटपर्यंत गाठू शकली नाही. पण मागून कुणी हिलाही गाठलं नाही. साक्षी दुसरी आली. सरांच्या अकॅडमीतून आजवर संघात जाणारी पहिली मुलगी. प्रशीलनं आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ दिली, तरी थोडक्यात सहांतून राहिला. पण तिच्या नंबराचा त्याला तिच्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

ती श्वास घेत गुडघ्यांवर वाकलेली होती तोवर सर धावत आले. तिला शाबासकी द्यायच्या आधी त्यांनी आजूबाजूच्यांना सांगितलं, "कॉफी! जीन! सांगितलं होतं ना?"

आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. बीळ खणणारीच्या डोक्यावर बसून फणा काढणारा नागोबा साक्षीनं तिथं पाहिला. पण संघ अजून जाहीर व्हायचा होता, नावं सरांच्या हातून जायची होती. बाभळीचं गुपित पोटात ठेवून ती गाडीत बसली.

आठवड्यात पिंप्राळ्याच्या चौकात फलक लागला, 'जनुकविज्ञानाचा विजय!' त्यावर सरांचा फोटो मोठा, साक्षीचा लहान, आणि दोघांच्या मध्ये वाफाळता कॉफीचा कप, तो साक्षीपेक्षा मोठा. अकॅडमीत नवी पोरं येऊ लागली. संघाचं पत्रकही आलं, साक्षीचं नाव त्यात पक्कं होतं. इथं ही गोष्ट हसण्यावारी गेली असती, पण सरांनी दोन कामं केली.

एक म्हणजे जामनेरहून आलेली दिपमाला, दहावीतली, काटकुळी पोर. तिची तर थुंकीही तपासली नव्हती. सर म्हणाले, साक्षी जिंकली, हीही तशीच अंगाची आहे, चालेल हिला. एका सकाळी दिपमाला कुंपणाशी उलटी करून आली, तोंड पुसलं आणि साक्षीला विचारलं, "ताई, तुम्हाला पण सुरुवातीला असंच व्हायचं का? किती दिवसांनी सवय झाली?" साक्षीला त्या पोरीच्या डोळ्याला डोळा देता येईना.

दुसरं म्हणजे सरांनी जाहीर केलं की देशपातळीवर हयगय नको. "तिथं दीडपट देणार, आणि पेला मी स्वतःच्या हातानं धरणार. शेवटचा घोट पोटात जाईपर्यंत हलायचं नाही."

म्हणजे बाभूळ संपली. आत्याची विद्या व्याह्यांना चालते, समोर ठाण मांडून बसलेल्या सरांना चालत नाही. ज्या शर्यतीसाठी ती एवढी वर्षं ऊन-थंडीत पळाली, ती शर्यत ती दुसऱ्याच्या यकृताच्या भरवशावर, थरथरत्या पायांनी, हरायला जाणार होती. तिनं पप्पांना पुन्हा एकदा सांगून पाहिलं, बाभळीसकट सगळं सांगितलं. पप्पा फलकाच्या आनंदात होते. ते म्हणाले, "पेलाभर ओतलीस, पण आधीचे एवढे दिवस घेतलीस ना? तिचाच परिणाम." पालथ्या घड्यावर आणखी किती पाणी ओतायचं?

सत्काराचा दिवस आला. पिंप्राळ्यातलंच सभागृह, खुर्च्या भरलेल्या, प्रमुख पाहुणे प्रेमराजभाऊ, जे कुठल्याही सत्काराला येतात आणि कुठल्याही विषयावर बोलतात. सरांची कल्पना अशी की आज चहा नाही, विज्ञानाला मान म्हणून स्टेजवर सगळ्यांना कॉफी, चिनीमातीच्या कपबशीतून. पाहुण्यांना दुधाची. सरांना आणि साक्षीला थर्मासमधली काळी.

साक्षीनं कप घेतला. फुंकर मारली नाही. तोंडाला लावला आणि सगळ्यांदेखत संपवला. मग कप पुढं केला. "सर, अजून द्या. देशपातळीला देणार आहात तेवढी द्या."

सरांना भरून आलं. त्यांनी ओतली, माइकवरून सांगितलं, "बघा, हिला कॉफी कशी मागावीशी वाटते! याला म्हणतात जीन!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत पप्पांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. त्यांच्या शेजारी प्रशील बसला होता, त्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं वाजवल्या नाहीत.

तिनं दुसराही कप रिकामा केला आणि कपबशी मांडीवर धरून बसली. आता फक्त वेळ जायला हवा होता, आणि वेळ घालवायला प्रेमराजभाऊंसारखा माणूस जिल्ह्यात नाही. ते आधी साक्षीबद्दल बोलले, मग केळीबद्दल, मग स्वतः शाळेत असताना कसे पळायचे त्याबद्दल, मग पुन्हा केळीबद्दल. त्यांचं बोलणं संपेपर्यंत साक्षीच्या बोटांत ओळखीची मुंग्यांची रांग सुरू झाली होती. मग छाती. मग घशाशी आंबट. तिनं हात आवरायचा प्रयत्न केला नाही.

"आता आपली साक्षी दोन शब्द बोलेल," सर म्हणाले.

ती कपबशी घेऊनच उठली. माइकपाशी गेली आणि बशी माइकच्या अगदी जवळ धरली.

सभागृहाच्या चारही कोपऱ्यांत स्पीकर होते. चारही कोपऱ्यांतून एकदम आवाज आला, कप बशीवर खडखडत होता. थांबत नव्हता. चमचा पडला तोही सगळ्यांनी ऐकला. लोक आधी माइक बिघडला समजून मागं वळून पाहू लागले. मग त्यांना तिचा हात दिसला.

"साक्षी, बशी खाली ठेव," सर दबक्या आवाजात म्हणाले.

"आवाज मागपर्यंत येतोय ना?" तिनं विचारलं. "हा माझा हात आहे. कॉफी घेतली की असाच होतो. सरांना सांगितलं, घरी सांगितलं. धुळ्याला मी कॉफी घेतली नव्हती. बाभळीच्या बुंध्याशी ओतली होती आणि मग पळाले. सत्कार करायचाच असेल तर तिचा करा, ती कॉफी पचवून अजून जागच्या जागी उभी आहे."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. सर पुढं झाले, त्यांनी माइककडे तोंड नेलं आणि हसत हसत म्हणाले, "स्टेजची भीती आहे हो! एवढ्या लोकांपुढं पहिल्यांदा उभी राहिली की पोरींचं असं होतंच."

आणि इथं सरांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. कारण सभागृहातले अर्धे लोक साक्षीच्या वस्तीतले होते. त्यांनी तिला फ्रॉकमध्ये असल्यापासून दर जयंतीला माइकवर ऐकलं होतं. स्टेजची भीती आणि साक्षी! रांगेरांगेतून कुजबूज उठली. पण साक्षी त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती पहिल्या रांगेतल्या एका माणसाकडे पाहत होती, आणि बशी त्याच्या दिशेनं पुढं धरली होती.

पप्पांचा चेहरा उतरला होता. ते हळूच उभे राहिले. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"सर, एक प्रश्न विचारायचा होता," ते म्हणाले. माइक नव्हता, तरी आवाज पोचला, जयंतीच्या सभांची सवय होती. "माझ्या मुलीची थुंकी तपासली कुणी?"

फक्त कप खडखडत होता.

"भाऊ, तुम्ही होतात ना तिथं," सर म्हणाले. "जुळे आहेत. एकच रक्त..."

"होतो. मी तिथंच होतो," पप्पा म्हणाले. "आणि विचारलं नाही. रिपोर्ट माझ्या घरात भिंतीवर आहे, रोज वाचतो. त्यात लिहिलंय की माझ्या मुलीला टक्कल पडणार आहे."

सगळ्यांच्या नजरा साक्षीच्या वेणीकडे गेल्या. मग जे हसू फुटलं ते प्रेमराजभाऊंनाही आवरलं नाही. मागं बसलेली दिपमाला तोंडावर हात धरून हसत होती. सर ओळखपत्राची दोरी चाचपत होते, जी त्या दिवशी गळ्यात नव्हती.

साक्षी हसली नाही. तिला अजून मळमळत होतं, आणि रागही गेला नव्हता. हा एक प्रश्न त्या दिवशी कुरिअरवाल्याच्या समोर विचारला असता तर किती वाचलं असतं, असं तिला वाटलं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत असणार, कारण पायऱ्या चढून येताना पप्पांनी मान खाली घातली होती. त्यांनी माफी मागितली नाही. भाषणही केलं नाही. तिच्या हातातून कपबशी काढून घेतली, तसा चारही कोपऱ्यांतला आवाज थांबला. हात मात्र थरथरतच होता. तो त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि शांत होईपर्यंत सोडला नाही.